अंगानं पाहणारे मासे

(गोंदिया येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मला बोलावलंत. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. ‘सर, शार्क माशांवर? आणि तेही गोंदियात?’ त्यांचं आश्चर्य मला समजलं. विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून अख्खी रात्र प्रवास करावा, तेव्हा कुठे आपल्याला समुद्र दिसतो. आपला जिल्हा धानाचा, तलावांचा, बोड्यांचा म्हणजे छोट्या तळ्यांचा. मुशी, मोरी म्हणजे शार्क, पाकट म्हणजे त्याचा चपटा नातलग, हे कोकणातले शब्द आपल्या बाजारात कानावर पडत नाहीत. तरी हा विषय मी इथेच बोलायचा ठरवला, कारण माझ्यासाठी तो इथल्याच एका बोडीच्या काठावर सुरू झाला आणि तो सुरू करून देणारे गुरुजीच होते.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावची बोडी उन्हाळ्यात आटत आली होती. गुरुजींनी सातवीचा वर्ग उचलून काठावर नेला. एक ढिवर आजोबा गुडघाभर चिखलात वाकून दोन्ही हातांनी मासे चाचपत होते. त्यांनी एक मांगूर वर काढला आणि आमच्यासमोर धरला. काळपट, बुळबुळीत, अंगावर एक खवला नाही, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि डोळे ज्वारीच्या दाण्याएवढे. गुरुजींनी विचारलं, ‘बाबा, एवढ्या राड्यात याला दिसतं तरी काय?’ आजोबा म्हणाले, ‘गुर्जी, डोरे त नावालेच आहेत त्याचे. हा आंगानं पाह्यते.’

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गुरुजींनी एक ओळ लिहिली : ‘अंगानं पाहणं म्हणजे काय?’ ती आठवडाभर पुसली नाही. उत्तरही सांगितलं नाही. मी पुढे प्राणिशास्त्र शिकलो, शिकवलं आणि त्या ओळीचं उत्तर मला समुद्रातल्या शार्क आणि पाकटांच्या अभ्यासात सापडलं. आज ते उत्तर मी पुन्हा बोडीच्या काठावर आणणार आहे.

आधी एक मूलभूत गोष्ट. जिवंत शरीर पाण्यात उतरलं की त्याच्याभोवती वीज पसरते. ही वीज तारेतली नव्हे. क्षारांच्या कणांची, अतिशय क्षीण. माशाच्या शरीरातलं द्रव आणि बाहेरचं पाणी यांत क्षारांचं प्रमाण वेगळं असतं. तोंड आणि कल्ले यांची नाजूक त्वचा ही दोन्हींमधली सीमा. त्या सीमेवर विद्युतदाबाचा फरक तयार होतो आणि आजूबाजूच्या पाण्यात एक मंद क्षेत्र उभं राहतं. मासा श्वास घेतो, तोंड उघडतो-मिटतो, कल्ले हलतात, त्या प्रत्येक हालचालीबरोबर हे क्षेत्र कमीजास्त होतं. म्हणजे मासा वाळूत पूर्ण गाडून घेऊन निश्चल पडला, तरी त्याचा श्वास पाण्यात उमटतच राहतो. अंगाला जखम झाली असेल तर क्षेत्र आणखी वाढतं. तुमचा-माझा हात पाण्यात घातला तर त्याचंही असं क्षेत्र तयार होतं. रंग लपवता येतो, आवाज थांबवता येतो, पण श्वास चालू आहे तोवर ही खूण पुसता येत नाही.

प्रश्न एवढाच की ही खूण वाचणारं कोणी आहे का.

इटलीत १६७८ साली स्टेफानो लोरेंझिनी या तरुण वैद्यानं विजेचा धक्का देणाऱ्या पाकटावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. तो फ्रान्चेस्को रेदी यांचा शिष्य. सडक्या मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, माशीच्या अंड्यांतून होतात, हे प्रयोगानं दाखवणारे ते रेदी. लोरेंझिनीनं पाकटाच्या डोक्यावरची कातडी सोलली तेव्हा त्याला खाली बारीक नळ्यांचे झुबके दिसले. प्रत्येक नळीचं एक तोंड कातडीवर छिद्र म्हणून उघडत होतं आणि दुसरं टोक आत छोट्या कुपीसारखं फुगलेलं होतं. नळी पारदर्शक जेलीनं भरलेली होती. त्यानं काळजीपूर्वक चित्रं काढली. या अवयवांना आजही ‘लोरेंझिनीच्या कुप्या’ म्हणतात. त्या कशासाठी आहेत, हे कळायला पुढे जवळपास तीनशे वर्षं लागली.

या कुप्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर. एका मासेवाल्या मावशींच्या पाटीत हातभर लांबीची मोरी होती. तिच्या नाकाडाच्या खालच्या बाजूला सुईनं टोचल्यासारखी शेकडो टिंबं होती, डोळ्याकडून तोंडाकडे ओळीनं पसरलेली. मावशींची परवानगी घेऊन मी अंगठ्यानं नाकाड हळूच दाबलं. प्रत्येक टिंबातून काचेसारख्या जेलीचा एकेक थेंब वर आला. मावशी म्हणाल्या, ‘ती चिकट असतेच दादा, धुतली की जाते.’ आयुष्यभर त्यांनी ती जेली धुऊन टाकली होती. मी आयुष्यभर पुस्तकात तिची आकृती काढली होती. त्या दिवशी ती माझ्या अंगठ्याला लागली. ही जेली साधी नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की प्रोटॉन वाहून नेण्यात तिच्या तोडीचा दुसरा नैसर्गिक जैविक पदार्थ तोवर कोणी मोजलेला नव्हता.

या कुप्या कशासाठी आहेत, याचा शोध लागला कसा, ते सांगतो, कारण त्यात विद्यार्थ्यांसाठी मोठा धडा आहे.

१९१७ साली अमेरिकेत पार्कर आणि व्हान हॉइझेन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. मासा समुद्रातला नव्हता. आपल्या मांगुराच्या दूरच्या नात्यातला, मिशांचा, गोड्या पाण्यातला मासा होता. त्याचे डोळे झाकले आणि त्याच्याजवळ काचेची कांडी नेली. अंगाला टेकेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. मग धातूची सळई नेली. ती काही सेंटीमीटरवर असतानाच मासा वळला. धातू पाण्यात बुडला की त्याच्या पृष्ठभागावर अगदी क्षीण प्रवाह सुरू होतात, आणि मासा त्यांनाच प्रतिसाद देत होता. कांडी आणि सळई, एवढीच या प्रयोगाची सामग्री.

१९३५ च्या सुमारास स्वेन डाइकग्राफ या डच शास्त्रज्ञाला दिसलं की डोळे झाकलेला छोटा शार्क गंजक्या पोलादी तारेजवळ आला की दचकतो. हे निरीक्षण त्यांनी विसरून जाऊ दिलं नाही. दरम्यान १९३८ मध्ये सँड यांनी दाखवलं की कुप्या तापमानाला प्रतिसाद देतात, म्हणून अनेकांना वाटलं की हा अवयव तापमानाचाच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मरे यांनी कुपीच्या मज्जातंतूवर थेट मोजमाप केलं आणि अत्यल्प विद्युतदाबालाही तो जोरदार प्रतिसाद देतो, हे सिद्ध केलं.

तरी एक शंका राहिली. प्रयोगशाळेत तंतू प्रतिसाद देतो, हे खरं. पण समुद्रात मासा त्याचा उपयोग करतो का? या शंकेचं उत्तर डाइकग्राफ यांचे विद्यार्थी एड्रियानस काल्माइन यांनी १९७१ साली दिलं. तो प्रयोग पायरीपायरीनं ऐका, कारण त्याच्यातला तर्क फार स्वच्छ आहे.

त्यांनी एका टाकीत वाळू पसरली आणि वाळूत प्लेस नावाचा चपटा मासा गाडला. छोटा शार्क वरून पोहत आला, नेमक्या जागी थांबला, वाळूत तोंड खुपसून मासा बाहेर काढला. हे वासानं झालं असेल? म्हणून काल्माइननी प्लेसवर अगरच्या जेलीची पेटी झाकली. अगर म्हणजे आपण फालुद्यात वापरतो तो चायना ग्रास. अगरमधून वीज सहज जाते, वास मात्र अडतो. पेटीतलं पाणी एका नळीनं दूर नेऊन सोडलं होतं. शार्क तरीही पेटीवरच झेपावला. मग जिवंत माशाऐवजी पेटीत माशाचे तुकडे ठेवले. आता शार्क पेटी सोडून नळीच्या तोंडाशी, म्हणजे जिथून वास येत होता तिथे शोधू लागला. पुन्हा जिवंत प्लेस ठेवला, पण अगरवर प्लास्टिकचा पातळ कागद घातला. वीज अडली. शार्क वरून निघून गेला, थांबलाही नाही. शेवटी मासाच काढून टाकला आणि वाळूत दोन विद्युतअग्रं पुरली, त्यांतून ४ मायक्रोअँपियर एवढा क्षीण प्रवाह सोडला. शार्कनं ती अग्रं खणून काढली. जवळ माशाचा खरा तुकडा ठेवला होता. तो सोडून शार्क विजेवर गेला.

एकेक शक्यता बाजूला सारत जाणं आणि उरलेल्या एकीला स्वतंत्रपणे तपासणं, यालाच विज्ञान म्हणतात. पुढे काल्माइननी हेच उघड्या समुद्रात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर करून दाखवलं.

ही जाण किती सूक्ष्म आहे? मोजमापांत दिसलं की एका सेंटीमीटर अंतरात सुमारे ५ नॅनोव्होल्टचा फरक असला तरी काही शार्क प्रतिसाद देतात. नॅनोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा अब्जावा भाग. अंदाज यावा म्हणून हिशेब मांडू. आपल्या टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा. त्याची दोन टोकं समजा तीन हजार किलोमीटर लांब नेऊन पाण्यात सोडली. गोंदियाहून मुंबई, मुंबईहून परत गोंदिया आणि पुन्हा मुंबई, एवढं अंतर. त्या दोन टोकांमधल्या प्रत्येक सेंटीमीटरला जेवढा विद्युतदाब वाट्याला येईल, तेवढा हा मासा ओळखतो. मात्र एक गैरसमज होऊ देऊ नका. याचा अर्थ शार्कला मैलभरावरचा मासा विजेनं कळतो असा नाही. भक्ष्याचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानं विरतं. दुरून तो वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर येतो. शेवटच्या हातभर अंतरात, जिथे भक्ष्य वाळूत आहे किंवा पाणी गढूळ आहे, तिथे वीज कामाला येते.

कुपी काम कशी करते? तिच्या तळाशी संवेदी पेशींचा थर असतो. नळीची भिंत वीज अडवते, आतली जेली वीज वाहून नेते. त्यामुळे छिद्रापाशी पाण्यात जो विद्युतदाब असतो, तो जसाच्या तसा तळाशी पोहोचतो. पेशी त्याची तुलना शरीराच्या आतल्या दाबाशी करतात. फरक पडला की त्यांच्या पटलातले कॅल्शियमचे मार्ग उघडतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश बदलतो. समुद्रातल्या पाकटात काही नळ्या वीतभर लांब असतात आणि वेगवेगळ्या दिशांना पसरलेल्या असतात. एक पुढे, एक मागे, एक तिरपी. कोणत्या नळीत फरक जास्त आणि कोणत्या नळीत कमी, यावरून क्षेत्र कोणत्या बाजूचं आहे ते ठरतं. हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कच्या डोक्यावर सुमारे तीन हजार छिद्रं मोजली गेली आहेत. साध्या डोक्याच्या एका जातीच्या शार्कमध्ये ती सुमारे तेवीसशे भरली. ते रुंद डोकं वाळूवरून फिरवत नेलं की एका फेरीत मोठा पट्टा तपासून होतो, शेतात आपण रुंद वखर फिरवतो तसा.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. शार्क स्वतःही श्वास घेतो. त्याचे स्वतःचे कल्ले हलतात, स्वतःचं क्षेत्र प्रत्येक श्वासाला बदलतं. मग स्वतःच्या गोंगाटात त्याला दुसऱ्याची कुजबुज ऐकू कशी येते? मेंदूच्या ज्या भागात ही माहिती पोहोचते, त्याची रचना आपल्या लहान मेंदूसारखी आहे. जी माहिती दर श्वासाला नेमकी तशीच येते, ती ‘ही माझी’ म्हणून तो भाग ओळखायला शिकतो आणि वजा करतो. वजाबाकीनंतर जे उरतं, ते दुसऱ्याचं. मॉन्टगोमेरी आणि बॉडझ्निक या शास्त्रज्ञांनी हे पाकटांच्या नातलगांमध्ये दाखवून दिलं. दुसऱ्याचं ऐकायचं असेल तर आधी स्वतःचा आवाज ओळखावा लागतो, हे माशाच्या मेंदूलाही शिकावंच लागतं.

ही जाण फक्त शिकारीची नाही. १९९५ साली गोल पाकटांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की नर पाकटं वाळूत दडलेल्या माद्यांना त्यांच्या श्वासाच्या विद्युतखुणेवरून शोधतात. बांबू शार्कची पिल्लं अंड्याच्या कवचात असतानाच शत्रूची वीज ओळखतात. २०१३ साली प्रयोगात शिकाऱ्याच्या विजेसारखं क्षेत्र दिलं, तेव्हा ती पिल्लं हालचाल थांबवून श्वासही रोखून धरत होती. पाण्यात श्वास म्हणजे विद्युतखूण, हे लक्षात घेतलं की या श्वास रोखण्याचा अर्थ पुरता कळतो. करवत मासा आपल्या करवतीवरच्या कुप्यांनी भक्ष्य ओळखतो आणि त्याच करवतीनं वार करतो.

आणि ज्या पाकटावर लोरेंझिनी काम करत होता, त्याचीही एक आठवण सांगितली पाहिजे. ते पाकट वीज नुसती ओळखत नाही, तयारही करतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे विद्युत अवयव असतात, एकावर एक रचलेल्या चकत्यांसारखे. १८०० साली अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी धातूच्या चकत्यांची चळत रचून पहिली विद्युतघटमाला बनवली आणि तिला ‘कृत्रिम विद्युत अवयव’ असं म्हटलं. ढिवर बांधव रात्री जाळ्यावर टॉर्च मारतात, त्या टॉर्चच्या सेलचा पूर्वज एका पाकटाच्या अंगात होता.

आता बोडीकडे येऊ.

समुद्राचं पाणी खारट, म्हणून वीज सहज वाहते. आपल्या बोडीचं पाणी गोडं, त्याचा विजेला विरोध मोठा. समुद्रात लांब नळी लागते. गोड्या पाण्यात माशाच्या कातडीच्या आत-बाहेरच विद्युतदाबाचा फरक पुरेसा पडतो. म्हणून मांगूर, शिंगी, शिंगाडा या मिशांच्या माशांमध्ये ही कुपी अगदी सूक्ष्म असते. नळी मिलिमीटरच्या अंशाएवढी. डोळ्यांना ती दिसत नाही. पण असते कुठे? डोक्यावर असते आणि अंगभरही विखुरलेली असते. ढिवर आजोबांचं वाक्य आठवा. ‘हा आंगानं पाह्यते.’ शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं, ते त्यांनी चिखलात हात घालून, आयुष्यभर मासा पाहून, एका वाक्यात सांगितलं होतं. त्यात मिशांचा स्पर्श आणि चवही आहे, हे खरं. मिशा हे मांगुराचं दुसरं मोठं साधन आहे. पण मिशांपलीकडे अंगानं पाहणं आहे, हेही तितकंच खरं.

मग मांगुराला ही जाण शार्ककडून वारशानं मिळाली का? नाही, आणि इथे कथा अधिकच रंगते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या अतिप्राचीन पूर्वजांकडे ही जाण होती. शार्क, पाकट, स्टर्जन, सीलाकँथ यांनी ती राखली. बहुतेक हाडांच्या माशांच्या पूर्वजांनी ती गमावली. आपल्या तलावातले रोहू, कटला, मृगल यांना विजेची जाण नाही. जमिनीवर आलेल्या प्राण्यांच्या ज्या शाखेतून पुढे आपण झालो, तिनेही ती गमावली, कारण हवेत ती निरुपयोगी. मिशांच्या माशांच्या पूर्वजांनी मात्र गढूळ पाण्यात ती पुन्हा, स्वतंत्रपणे कमावली. याचा पुरावा पेशीतच आहे. शार्कच्या पेशी छिद्राबाहेर ऋण विद्युतदाब आला की उत्तेजित होतात. मिशांच्या माशांच्या पेशी बरोबर उलट, धन दाब आला की. दोन वाटा वेगळ्या, मुक्काम एकच. सुरीच्या पात्यासारख्या चपट्या माशांचं एक कुळ आफ्रिकेत आणि आशियात आहे, आणि त्याच्या काही जाती भारताच्या गोड्या पाण्यातही सापडतात. त्या कुळातल्या आफ्रिकेच्या जातींना विजेची जाण आहे, आपल्याकडच्यांना नाही. पुढे सस्तन प्राण्यांतही ही जाण नव्यानं उगवली. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस चोचीनं पाण्यातली वीज ओळखतो, हे १९८६ साली दाखवलं गेलं. प्रश्न तोच राहिला, गढूळ पाण्यात अन्न कसं शोधायचं, आणि निसर्गानं तो पुन्हापुन्हा सोडवला.

श्रोतेहो, शार्क आपल्यापासून वाटतो तेवढा दूरही नाही. आपली वैनगंगा दक्षिणेला जाऊन वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि गोदावरीत विलीन होते. त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या मालेरी गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खडकांत, गोड्या पाण्यातल्या शार्कचे दात सापडले आहेत. सोहनलाल जैन यांनी १९८० साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते खडक सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा डायनोसॉर नुकते उगवत होते. आसिफाबादजवळ, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये पाकटांचे दातही मिळाले आहेत. ज्या खोऱ्यात आज आपण राहतो, त्याच्या खालच्या अंगाला कधीकाळी शार्क पोहत होते. विजेची जाण त्यांच्याही आधीच्या पूर्वजांची, म्हणून ती त्यांच्याही अंगी असावी.

आणि नद्यांमधले शार्क अजून पूर्ण संपलेले नाहीत. गंगा शार्क हा जगातल्या अत्यंत दुर्मीळ माशांपैकी एक. बारीक डोळ्यांचा, गढूळ पाण्याला साजेसा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेल्या मासळीत संशोधकांना त्याची एक मादी दिसली, २६६ सेंटीमीटर लांब. एकच, आणि तीही मेलेली. असे मासे सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात, थोडी पिल्लं देतात. एकदा संख्या घसरली की पिढ्यान्‌पिढ्या भरून येत नाही. करवत मासा आणि देवमाशासारखा प्रचंड व्हेल शार्क यांना आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. २०१५ साली शार्कच्या पंखांची निर्यात बंद झाली. कायदा हवाच. पण कायद्याआधी ओळख हवी. ज्याचं अंग कसं पाहतं ते आपल्याला माहीत नाही, त्याला वाचवण्याची तळमळ तरी कुठून येणार?

हीच गोष्ट बोडीला लागू आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी आपल्याकडची परंपरा सांगते. त्या आणि अशा शेकडो मामा तलावांनी, म्हणजे माजी मालगुजारी तलावांनी, पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवलं आणि ढिवरांची घरं चालवली. पाण्याचं कसब कोहळी समाजाचं, माशाचं कसब ढिवरांचं. दोन्ही कसबांमागे बारकाईनं पाहणं आहे. आज काही ठिकाणी बॅटरी आणि इन्व्हर्टर लावून, कुठे तर थेट विजेच्या तारेवर आकडा टाकून, पाण्यात करंट सोडून मासे मारले जातात. त्यात मोठा मासा मरतो, अंगठ्याएवढं पिल्लू मरतं, अंड्यांनी भरलेली मादी मरते, बेडूक आणि साप मरतात, आणि माणसंही दगावतात. पुढच्या वर्षीचा मासा त्या एका धक्क्यात संपतो. जो मासा व्होल्टच्या अगदी सूक्ष्म अंशावर आपलं जग उभं करतो, त्याच्या पाण्यात आपण शेकडो व्होल्ट ओततो. याहून मोठं अडाणीपण मला सुचत नाही.

म्हणून आज गुरुजींच्या स्मरणार्थ मी आपल्याकडे दोन गोष्टी मागतो.

पहिली, शाळांकडे. १९१७ चा तो प्रयोग आपल्या प्रत्येक शाळेत करता येईल. एक मोठा टब, त्यात बोडीचं पाणी, एक देशी मांगूर, एक काचेची कांडी आणि लोखंडाची एक सळई. माशाला इजा करायची नाही, टोचायचं नाही. रात्री अंधारात कांडी जवळ न्या, मग सळई न्या, आणि मासा केव्हा वळतो ते वहीत लिहा. दहा वेळा करा. मग ढिवर आजोबांना शाळेत बोलवा आणि त्यांना काय ठाऊक आहे ते विचारा. तेही वहीत लिहा. प्रयोग झाला की मासा जिथून आणला तिथे सोडून द्या.

दुसरी, ग्रामसभांकडे आणि मच्छीमार संस्थांकडे. आपल्या गावच्या तलावात करंट लावून मासेमारी होणार नाही, असा ठराव करा आणि तो पाळा. जाळं आहे, गरी आहे, हातांचं कसब आहे. त्यांनी पकडलेला मासा पुढच्या पावसाळ्यालाही पुरतो.

बोडीत तार सोडू नका. तिथे अंगानं पाहणारा जीव आहे.